उंदीर स्वस्त, नमुने महाग

फार्मसीचा एखादा विद्यार्थी, वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटकडचा वनस्पतीजन्य कीटकनाशक बनवणारा उद्योजक आणि आयुर्वेदिक काढ्याचा छोटा कारखानदार. तिघांची घरे वेगळी, प्रश्न मात्र तेच: आपले रसायन जनावराच्या पोटात गेल्यावर त्याचे काय होते, ते कुठून बाहेर पडते, आणि हे शोधून द्यायला प्रयोगशाळा किती पैसे घेते? पहिल्या दोन प्रश्नांना विज्ञानाची भक्कम उत्तरे आहेत. तिसऱ्याला एका वाक्यात आकडा सांगणारा कुणी भेटला, तर त्याच्याकडून कोटेशन घेऊ नका. हे बिल रसायनावर कमी आणि तुम्ही किती नमुने मोजायला सांगता यावर जास्त ठरते. म्हणून या लेखात दरपत्रक नाही, बिल मोजायची रीत आहे. दर तुम्ही प्रयोगशाळेकडून लेखी घ्या आणि या हिशेबात भरा.

आधी पाहा, तुम्हाला हे हवेच आहे का?

सगळ्यांत मोठी बचत इथेच होते. फवारणीनंतर चक्कर आली, मळमळ झाली, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या आणि शरीरात विष किती गेले ते कळायला हवे, तर उंदरांशी तुमचे काही काम नाही. सरळ रुग्णालय गाठा. ऑर्गनोफॉस्फेट गटातल्या विषाचा अंदाज रक्तातल्या कोलिनेस्टरेजच्या तपासणीतून येतो. २०१७च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास माणसे दगावली, तेव्हापासून हे वर्ध्यातही सगळ्यांना माहीत असायला हवे होते. अजून नाही.

घरगुती साबण, उटणे किंवा केसांचे तेल बनवत असाल, मगनवाडीतल्या महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्थेकडून पाठ घेऊन बचत गटाने उद्योग उभा केला असेल, तर प्रश्नच मिटतो. सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी भारतात २०१४पासून बंद आहे. ती करून देतो म्हणणारा तुम्हाला बेकायदा गोष्ट विकतो आहे.

आयुर्वेदिक उत्पादनाचा पाठ जर जुन्या ग्रंथांतला, जसाच्या तसा असेल, तर परवान्यासाठी सुरक्षिततेचा नवा अभ्यास सहसा मागत नाहीत. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतला १५८-ब हा नियम वाचा. परवाना कार्यालयात काय लागते ते लेखी विचारा, मगच प्रयोगशाळेची पायरी चढा. कीटकनाशकाचेही तसेच. कीटकनाशके अधिनियम, १९६८च्या कलम ९(४)खाली आधीच कुणीतरी नोंदवलेल्या कीटकनाशकाची त्याच अटींवर नोंदणी मागता येते. मूळ रेणूचा संपूर्ण विषशास्त्रीय अभ्यास पहिल्या नोंदणीदाराने केलेला असतो. नव्या रेणूचे, म्हणजे ९(३)चे प्रकरण निराळे.

उरले कोण? नवा रेणू घेऊन येणारा, किंवा शोधप्रबंधासाठी एखादे संयुग निवडणारा. त्यानेही पैसे खर्च करण्याआधी एक दिवस वाचनात घालवावा. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त कीटकनाशक अवशेष बैठकीचे अहवाल इंटरनेटवर फुकट मिळतात. त्यांत उंदीर, कुत्रा, शेळी, कोंबडी यांच्या शरीरातला त्या रसायनाचा प्रवास टक्केवारीसकट दिलेला असतो. क्लोरपायरिफॉस या कीटकनाशकावर अशी माहिती ढिगाने आहे. यकृत त्याचे आधी अधिक विषारी ऑक्सॉन करते. मग त्याचे तुकडे होतात, आणि ट्रायक्लोरोपायरिडिनॉल नावाचा तुकडा लघवीतून निघून जातो. उंदराला तोंडाने दिलेल्या मात्रेपैकी ८० टक्क्यांहून जास्त भाग तीन दिवसांत लघवीत सापडतो. हेच पुन्हा वर्ध्यात करून पाहायला लाखभर रुपये घालणे म्हणजे पैशाची माती.

हा खटाटोप मुळात कशासाठी?

थोडे विषयांतर करतो. कोटेशनमधली सर्वांत महागडी ओळ, म्हणजे 'मेटाबोलाइटची ओळख' (शरीरात रसायनाचे रूपांतर होऊन जे बनते त्याची ओळख), कशासाठी असते ते यातून कळेल.

गिधाडांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. जनावरांना दिलेले डायक्लोफेनॅक मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले, त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली, आणि २००६मध्ये भारताने पशुवैद्यकीय वापरासाठी हे औषध बंद केले. मग दुकानात ॲसिक्लोफेनॅक आले. नाव वेगळे, वेष्टन वेगळे. गुरांना ते टोचून रक्त तपासले, तेव्हा दिसले की गाईच्या शरीरात त्याचे झपाट्याने डायक्लोफेनॅकच होते. बंदी घातलेले औषध मागच्या दाराने परत आले होते. २०२३मध्ये ॲसिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेन यांच्या पशुवैद्यकीय वापरावरही बंदी आली.

तेव्हा पोटात काय टाकले एवढे कळून पुरत नाही, त्याचे शरीरात काय झाले तेही शोधावे लागते. कपाशीवर मारले जाणारे डायफेन्थियुरॉन असेच आहे. बाटलीतला रेणू प्रत्यक्ष काम करत नाही. प्रकाशात किंवा किड्याच्या शरीरात त्याचे कार्बोडायइमाइड होते, आणि तेच मारक ठरते. म्हणून नुसते 'मूळ रसायन किती उरले' मोजणारे स्वस्त कोटेशन बहुधा अर्धवट असते.

हिशेब: आठ उंदीर, २६४ नमुने

या कामाची आंतरराष्ट्रीय रीत ओईसीडीच्या ४१७ क्रमांकाच्या मार्गदर्शक तत्त्वात दिली आहे. ते १९८४चे, २०१०मध्ये सुधारलेले. त्यानुसार एका मात्रेला एका लिंगाचे निदान चार प्राणी लागतात, आणि उंदीर सर्वांत जास्त वापरतात. मात्रा दोन धरा, एक कमी आणि एक जास्त. म्हणजे आठ नर उंदीर.

प्रत्येकाला मोजून औषध पाजायचे. सुईसारखी बोथट नळी तोंडातून थेट जठरापर्यंत घालतात, या पद्धतीला गॅव्हाज म्हणतात. मग त्याला मेटाबॉलिक केजमध्ये ठेवायचे. या पिंजऱ्याला खाली जाळी आणि फनेल असते, त्यामुळे लघवी एका नळीत आणि लेंडी दुसऱ्या डब्यात पडते. ही गोळाबेरीज सात दिवस चालते, किंवा दिलेल्या मात्रेपैकी ९० टक्के बाहेर पडेपर्यंत.

आता मोजू. पहिल्या दिवशी लघवी ६, १२ आणि २४ तासांनी घेतली, नंतर रोज एकदा, म्हणजे सात दिवसांत ९ नमुने. लेंडी रोज एकदा: ७. पिंजरा रोज पाण्याने धुऊन ते पाणीही तपासायचे, नाहीतर जाळीला चिकटलेले रसायन हिशेबातून निसटते: ७. शेवटी उंदीर मारल्यावर यकृत, मूत्रपिंड, चरबी, मेंदू वगैरे १० अवयव. एका उंदरामागे ३३ नमुने. आठ उंदरांचे २६४.

प्रयोगशाळेचा एका नमुन्याचा दर शंभर रुपयांनी वाढला, तर एकूण बिल ₹२६,४०० ने वाढते, आणि त्यावर चाचणी सेवेचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ₹४,७५२. उंदराचा भाव दुप्पट झाला तरी तुम्हाला जाणवणार नाही. खाद्य तर विचारूच नका. एक उंदीर दिवसाला १५ ते २० ग्रॅम खातो. आधीचा एक आठवडा नव्या जागेची सवय व्हायला आणि नंतरचा प्रयोगाचा, असे चौदा दिवस धरले तरी आठ जणांना मिळून अडीच किलोहून कमी खाद्य लागते.

एवढ्यावर थांबत नाही. मोजणी एलसी-एमएस यंत्रावर असेल, तर प्रत्येक खेपेला यंत्राची स्वतःची परीक्षा घ्यावी लागते. आयसीएच एम१० या २०२२च्या मार्गदर्शकाप्रमाणे एक कोरा नमुना, एक शून्य नमुना, ठाऊक प्रमाणाचे किमान सहा नमुने आणि तीन पातळ्यांचे दर्जा-तपासणीचे नमुने प्रत्येकी दोनदा. म्हणजे खेपेला निदान १४ जादा इंजेक्शने. एका खेपेत साठ नमुने बसवले, तर २६४ नमुन्यांना पाच खेपा आणि ७० जादा इंजेक्शने. प्रयोगशाळा ही तुमच्या खात्यात घालते की स्वतः सोसते, हे विचारा. लेखी विचारा.

आणि लघवी, लेंडी, यकृत ही तीन वेगवेगळी माध्यमे आहेत. लघवीवर पारखलेली पद्धत यकृतावर तशीच चालत नाही, तिला पुन्हा पारखावे लागते. 'पद्धत प्रमाणित करणे' ही कोटेशनमधली ओळ बहुधा एका माध्यमाची असते, आणि बाकीच्या दोघांची भर नंतर पडते. नवख्या माणसाला सर्वांत मोठा फटका इथेच बसतो.

किरणोत्सर्गी की साधे?

ज्याला खऱ्या अर्थाने 'माग काढणे' म्हणतात, ते कार्बन-१४ लावलेल्या रेणूने होते. रेणूच्या एखाद्या कार्बन अणूच्या जागी किरणोत्सर्गी कार्बन बसवतात. मग तो तुकडा कुठल्याही रूपात असो, सिंटिलेशन काउंटर त्याला शोधतो. लेंडी जाळून तिचा वायू मोजला तरी हिशेब लागतो. दिलेल्या मात्रेपैकी ९० टक्के परत सापडले की तपास पूर्ण झाला असे मानतात. लेबल नसलेल्या रसायनात ही खात्री मिळत नाही. तुम्हाला माहीत असलेले मेटाबोलाइट तेवढे दिसतात, अनोळखी निसटतात.

मग सगळे हेच का करत नाहीत? कारण लेबल लावलेला रेणू बाजारात तयार मिळत नाही, तो तुमच्यासाठी बनवावा लागतो. नवी मुंबईतल्या वाशीच्या विकिरण व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळाकडे, म्हणजे ब्रिटकडे विचारणा करता येते. लेबल कुठल्या अणूवर हवे हे आधी ठरवा. क्लोरपायरिफॉसच्या वलयावर लेबल लावले तर पायरिडिनॉलचा तुकडा दिसेल, इथिल गटावर लावले तर फॉस्फेटचा. चुकीच्या जागी लेबल लावले, तर पैसे गेले आणि उत्तर अर्धेच मिळाले. लेबल ज्या गटात आहे तो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासातून निघून जाणार असेल, तर बंद काचेचा पिंजरा आणि क्षाराचे सापळे लागतात, तो खर्च आणखी. म्हणून आधी एक-दोन उंदरांवर छोटी चाचणी करा. श्वासातून नगण्य बाहेर पडते असे दिसले, तर मुख्य प्रयोगात काचेच्या पिंजऱ्याची गरजच उरत नाही. पूर्वचाचणीला नाके मुरडणारे ग्राहक मी पाहिले आहेत. ती जवळजवळ नेहमी स्वतःचे पैसे वसूल करते.

त्यावर अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी, प्रशिक्षित विकिरण सुरक्षा अधिकारी आणि कचऱ्याची सोय. कार्बन-१४चे अर्धायुष्य सुमारे ५,७३० वर्षे. फॉस्फरस-३२सारखे कपाटात ठेवून काही महिन्यांत थंड होऊ देण्याची सोय इथे नाही. हा कचरा साध्या वैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीतून जात नाही. महाविद्यालयाकडे ही परवानगी आधीच नसेल, तर शोधप्रबंधापुरती ती मिळवण्याच्या फंदात पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. लेबल नसलेला अभ्यास मर्यादित उद्देशाने नीट करणे बरे.

रक्ताचा हिशेब वेगळा

शोषण किती वेगाने होते हे पाहायला ठरावीक अंतराने रक्त घ्यावे लागते, आणि त्यासाठी उंदरांचा वेगळा गट घेतलेला बरा. २५० ग्रॅम वजनाच्या उंदरात सुमारे १६ मिलिलीटर रक्त असते. दोन आठवड्यांत त्याच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त काढू नये, असा संकेत आहे, म्हणजे १.६ मिलिलीटर. आठ वेळा घ्यायचे तर एका वेळी ०.२ मिलिलीटर. त्यातून पातळ द्रव वेगळा केला की मोजायला जेमतेम थेंब-दोन थेंब उरतात. एवढ्यातून मोजायचे असेल तर साधे एचपीएलसी बहुधा पुरत नाही, महागडे एलसी-एमएस लागते. यंत्राचा दर चढा का, याचे उत्तर उंदराच्या अंगातल्या रक्तात आहे.

पित्ताचा अभ्यास वेगळा मागितला तर पित्तनलिकेत नळी बसवण्याची शस्त्रक्रिया करावी लागते. उंदराला पित्ताशयच नसते, त्यामुळे पित्त थेट नलिकेतून घ्यावे लागते. हे काम ज्याचा हात बसलेला आहे त्याच्याकडूनच करून घ्या. शस्त्रक्रियेत दगावलेले उंदीर तुमच्या खात्यावर पडतात की प्रयोगशाळेच्या, हेही ठरवून घ्या.

वर्ध्यातला उन्हाळा

प्राणीगृहाचे तापमान २२ अंशांच्या आसपास, फार तर तीन अंश इकडे-तिकडे, आणि दिवसाला बारा तास उजेड, बारा तास अंधार. मे महिन्यात पारा पंचेचाळीस ओलांडतो तेव्हा वातानुकूलन रात्रंदिवस चालवावे लागते. समजा एसी तासाला दीड युनिट खातो. तीन आठवड्यांत ७५६ युनिट होतात. आठ उंदीर असोत की ऐंशी, हा आकडा तोच राहतो. म्हणून प्रयोग हिवाळ्यात लावा. काही ठिकाणी प्राणीगृहाचा ओव्हरहेड दर दिवसाला आकारतात, तिथे विजेचे वेगळे पैसे मागत असतील तर दोनदा आकारणी होत नाही ना, ते पाहा.

उष्णतेचा दुसरा त्रास नमुन्यांना. लघवीतले ग्लुकुरोनाइडसारखे मेटाबोलाइट उबेत जिवाणूंमुळे तुटतात आणि मूळ रसायनासारखे दिसू लागतात. संकलनाची नळी बर्फात असली पाहिजे, आणि नमुने लगेच फ्रीजरमध्ये गेले पाहिजेत. फ्रीजरला जनरेटर किंवा इन्व्हर्टरची जोड आहे का, हा प्रश्न मी सगळ्यांत आधी विचारतो. नमुने वर्ध्याहून मुंबई-हैदराबादला पाठवायचे असतील तर सुका बर्फ लागतो. त्याचे तापमान उणे ७८ अंश, आणि तो वितळत नाही, उडून जातो. प्रवासाला लागेल असे वाटते त्याच्या दुप्पट बर्फ भरा, आणि प्रत्येक नमुन्याचे दोन भाग करून वेगवेगळ्या खेपांत पाठवा. कुरिअरचा खर्च दुप्पट होतो खरा, पण एक पेटी हरवली तर पुन्हा उंदीर मारावे लागत नाहीत.

परवानगी आणि दंड

प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्या संस्थेची केंद्राच्या सीसीएसईए समितीकडे नोंदणी हवी. आधीचे नाव सीपीसीएसईए, जुने लोक अजून तेच वापरतात. उंदीर, गिनीपिग, ससे यांच्या प्रयोगाला संस्थेतली प्राणी नीतिसमिती मंजुरी देते. मोठ्या जनावरांसाठी वर जावे लागते. मोठ्या जनावराचे प्रयोगानंतरचे पुनर्वसन हासुद्धा संशोधनाचाच खर्च मानतात, शेळीवरच्या अभ्यासाच्या अंदाजपत्रकात ही ओळ नसेल तर ते अपुरे आहे.

वर्ध्याच्या आसपासचे पर्याय असे: सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय १९६९चे, सावंगीचे १९९०चे, शिवाय बोरगाव (मेघे) परिसरातली फार्मसी महाविद्यालये आणि तासा-दीड तासावर नागपूर. जिथे जाल तिथे सर्वप्रथम नोंदणी क्रमांक आणि त्याची मुदत विचारा. अहवाल सरकारी नोंदणीसाठी वापरायचा असेल, तर प्रयोगशाळेला राष्ट्रीय जीएलपी (गुड लॅबोरेटरी प्रॅक्टिस) प्राधिकरणाचे प्रमाणपत्र हवे. ते तीन वर्षांचे असते, आणि त्यात विषशास्त्राचा विभाग नमूद आहे का ते पाहा. २०११पासून भारताच्या जीएलपी अहवालांना ओईसीडी देशांत मान्यता आहे, म्हणून हे अहवाल महाग. शोधप्रबंधासाठी जीएलपीचे पैसे देण्याची काही गरज नाही. यंत्रांचे दर तुलनेने पाहायचे असतील तर केंद्र सरकारच्या आय-स्टेम संकेतस्थळावर आणि आयआयटी मुंबईच्या सैफ केंद्रात विचारा. शैक्षणिक संस्थेचा दर आणि उद्योगाचा दर वेगळा असतो. तुम्ही कुठल्या रांगेत बसता ते आधीच सांगा, नंतर बिल बदलते.

आणि दंड? रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत जोर लावून आणवलेल्या १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात, प्रयोगाच्या अटी मोडणाऱ्याला कलम २० खाली जास्तीत जास्त ₹२०० दंड आहे. होय, दोनशे. गांधीजी सेवाग्रामला आले १९३६मध्ये, आणि प्राण्यांच्या चिरफाडीला त्यांचा कडवा विरोध होता. त्याच तालुक्यात आज कायदा मोडण्याची शिक्षा एका मेटाबॉलिक केजच्या भाड्याहूनही स्वस्त पडेल. त्यामुळे संस्थेची शिस्त किती कडक आहे हे दंडावरून ओळखू नका. प्राणीगृहाच्या नोंदवह्या दाखवायला सांगा, त्यातूनच कळते.

जनावराशिवाय किती होते?

बरेच होते. उंदराच्या किंवा माणसाच्या यकृतातले मायक्रोसोम विकत मिळतात. त्यांत रसायन टाकून ते किती लवकर मोडते आणि त्याचे काय होते, हे परीक्षानळीत पाहता येते. लघवीतून किती, लेंडीतून किती हे मात्र त्यातून कळत नाही. औषधांच्या बाबतीत २०२३च्या नियमबदलाने पेशी, अवयव-चिप आणि संगणकी पद्धतींचे निष्कर्षही ग्राह्य धरण्याची वाट उघडली आहे. पहिल्या वर्षी नळी, दुसऱ्या वर्षी उंदीर असा क्रम लावला, तर उंदरांची संख्या आणि नमुन्यांची यादी दोन्ही आटोक्यात राहतात. कुठले मेटाबोलाइट शोधायचे ते आधीच ठाऊक असते.

सही करण्याआधी

कोटेशनवर एवढे लिहून घ्या: नमुने किती, कुठल्या माध्यमाचे, प्रत्येकाचा दर, पद्धत प्रमाणित करण्याचे पैसे माध्यमागणिक की एकत्र, जादा इंजेक्शने कुणाची, पुन्हा मोजणी करावी लागली तर कुणाच्या खर्चाने. मूळ नोंदी, क्रोमॅटोग्राम आणि उरलेले नमुने कुणाचे आणि किती वर्षे जपायचे. आगाऊ रक्कम निम्म्याहून जास्त देऊ नका. शेवटचा हप्ता मात्रेच्या ताळेबंदाशी बांधा: दिले किती, सापडले किती, उरलेले कुठे गेले. ताळेबंद जुळत नसेल तर कारण अहवालात लिहून आल्याशिवाय तो हप्ता सोडू नका.